घर सर्व्हिसिंगला टाकताना

स्कूटर सर्व्हिसिंगला टाकणं किती सोपं असतं! सकाळी गॅरेजवर जायचं, किल्ली द्यायची, "मागचा ब्रेक जरा बघा, आरसा सैल झालाय" एवढं सांगायचं आणि रिक्षाने ऑफिस गाठायचं. संध्याकाळी गाडी तयार.

आता असं समजा, की सर्व्हिसिंगला टाकायचंय ते तुमचं घर. स्वयंपाकघर, पलंग, कपाटं, संडास-बाथरूम, फ्रीज, गिझर, एसी, सगळ्यासकट. ते चालवत न्यायचं, किल्ली काउंटरवर ठेवायची आणि जॉब कार्डावर सही करून बाहेर पडायचं.

अमेरिकेत हे दृश्य रोजचं आहे. तिथे मोटरहोम नावाची वाहनं आहेत. मोठ्यातली मोठी 45 फुटांपर्यंत, म्हणजे आपल्या एसटीपेक्षाही लांब. निवृत्त झालेली कितीतरी जोडपी राहतं घर विकून कायमची त्यात राहायला जातात. आणि दर थोड्या महिन्यांनी हे घर कुणा मेकॅनिकच्या हवाली करावं लागतं. गाडी सोडण्याआधी मालकाने काय काय करायचं, याची यादी ऐकाल तर बुचकळ्यात पडाल. संडासाची टाकी रिकामी करा. गॅस बंद करा. फ्रीज रिकामा करा. आणि गाडी उतारावर उभी राहणार असेल, तर फ्रीज चालू ठेवू नका.

उतार आणि फ्रीज? या दोघांचा काय संबंध? आहे, आणि इतका सुंदर आहे की त्यासाठी थोडं थांबावं लागेल. पण आधी ही गाडी जन्मते कशी ते पाहू.

पुणे-नाशिक रस्त्यावर तुम्ही एक विलक्षण वाहन कधी ना कधी पाहिलं असेल. ट्रकचा नुसता सांगाडा. इंजिन आहे, चाकं आहेत, स्टिअरिंग आहे. टप नाही, दारं नाहीत, आणि उघड्यावर बसलेला ड्रायव्हर तोंडाला रुमाल बांधून तो हाकतोय. ही चासी बॉडी बांधायला चाललेली असते. आपल्या एसटीच्या बॉड्या दापोडीच्या कार्यशाळेत अशाच दुसऱ्याने बनवलेल्या चासीवर चढत आल्या. मोटरहोमचंही तसंच. फोर्डसारखी कंपनी चासी बनवते आणि तिच्यावर घर बांधतो दुसराच कारखाना. असे कारखाने सगळ्यात जास्त आहेत इंडियाना राज्यातल्या एल्खार्ट या गावाच्या परिसरात. विनेबेगो या कंपनीने 1966 साली आयोवातल्या फॉरेस्ट सिटी गावात अशी घरं रांगेने बांधायला सुरुवात केली आणि पुढे कितीतरी अमेरिकन लोकांच्या तोंडी मोटरहोमला तेच नाव बसलं. घर एकाचं, चाकं दुसऱ्याची, फ्रीज तिसऱ्याचा, गिझर चौथ्याचा, एसी पाचव्याचा. प्रत्येकाची वॉरंटी वेगळी. त्यामुळे घराचं काम करणारी कार्यशाळा कित्येकदा इंजिनाला हातच लावत नाही. ते काम ट्रकच्या गॅरेजचं.

मग घराचं काम म्हणजे नेमकं काय?

शहरात राहताना आपल्याला वाटतं, घर म्हणजे चार भिंती आणि छप्पर. पण विचार करा, तुमचं घर चालतं ते भिंतींच्या बाहेरच्या गोष्टींवर. धरणातून येणारी पाइपलाइन, कोपऱ्यावरचा महावितरणचा ट्रान्सफॉर्मर, दारावर येणारी सिलिंडरची गाडी, रस्त्याखालचं ड्रेनेज. मोटरहोमला यातलं काहीच नाही. रानात, वाळवंटात, डोंगरात ती एकटी उभी असते. म्हणून ती आपली अख्खी नगरपालिका पोटात घेऊन फिरते. पाणीपुरवठा पलंगाखाली, वीज मंडळ पायरीखाली, मलनिस्सारण मागच्या चाकाजवळ. तिचा मेकॅनिक वायरमन असतो, प्लंबर असतो, गॅसचा फिटर असतो, सुतार असतो आणि छप्पर गळत असेल तर गवंड्याचं कामही त्याच्याकडेच.

आता तो फ्रीज.

तुमच्या घरच्या फ्रीजमागे कान लावलात तर कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येते. पण लाखो मोटरहोममध्ये असा फ्रीज बसलाय ज्यात कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही, पंप नाही. गार करण्याच्या त्या सबंध यंत्रणेत हलणारा एकही भाग नाही. तो चालतो गॅसच्या बारीक ज्योतीवर. होय, खाली विस्तव पेटवायचा आणि वर बर्फ जमतो!

जादू वाटते ना? मग माठापासून सुरुवात करू. माठातलं पाणी गार का होतं? बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना माठाची उष्णता घेऊन जातं. इंजेक्शनच्या आधी दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा गार वाटतं, तेही यामुळेच. म्हणजे थंडी हवी तर उडायला उतावीळ असा द्रव हवा. अमोनिया तसा आहे. साध्या हवेच्या दाबाला तो शून्याखाली 33 अंशांवरच उकळायला लागतो.

पण अडचण अशी, की एकदा उडून गेलेला अमोनिया परत द्रव कसा करायचा? नेहमीच्या फ्रीजमध्ये हे काम कॉम्प्रेसर करतो. दाबून द्रव करायचा, मग दाब सोडून उडू द्यायचा, परत दाबायचा. मोटरहोमच्या फ्रीजमध्ये पोलादी नळ्यांचं एक बंद जाळं असतं आणि त्यात सगळीकडे एकच दाब. कुठे दाबणं नाही, कुठे सोडणं नाही. मग अमोनिया एका कोपऱ्यात द्रव होतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात उडतो, हे घडतं कसं?

उत्तर तुमच्या गच्चीवरच्या दोरीवर वाळत घातलंय. जुलै महिन्यात रत्नागिरीला टाकलेली चादर तीन दिवस ओलीच राहते. तीच चादर मे महिन्यात अकोल्याच्या गच्चीवर टाका. खाली उतरून चहा घेईपर्यंत खडखडीत. चादर तीच, पाणी तेच, हवेचा दाबही साधारण तोच. फरक एवढाच, की रत्नागिरीच्या हवेत वाफेची आधीच गर्दी आहे आणि अकोल्याच्या हवेत जागा मोकळी आहे.

फ्रीजच्या नळ्यांत हे अकोला तयार करतो हायड्रोजन. मागच्या जाळीपाशी निवून द्रव झालेला अमोनिया उताराने बर्फाच्या कप्प्यामागे येतो. तिथे हायड्रोजन भरलेला असतो. त्या कोरड्या सोबतीत अमोनिया भराभर उडतो आणि कप्प्यातली उष्णता ओढून घेतो. तुमचं दूध, दही, आइस्क्रीम त्यामुळे गार राहतं.

आता अमोनिया आणि हायड्रोजन यांचं मिश्रण झालं. ते वेगळं कोण करणार? अमोनियाला पाण्याची भयंकर ओढ आहे. एक लिटर पाणी शेकडो लिटर अमोनिया वायू पिऊन टाकतं. हायड्रोजनला पाण्याचं सोयरसुतक नाही. म्हणून हे जड झालेलं मिश्रण खाली उतरतं, तिथे झिरपणारं पाणी त्यातला अमोनिया शोषून घेतं आणि मोकळा झालेला हायड्रोजन, सगळ्यात हलका वायू, आपला आपण वर निघून जातो. परत कामावर! खाली उरलं अमोनियाने तट्ट झालेलं पाणी. ते जातं ज्योतीपाशी. तापलं की अमोनिया बाहेर. आणि पाणी परत वर कसं चढतं? तपेल्यात भात उकळताना पेज कशी बुडबुड्यांबरोबर वर उसळते? तशीच इथे अरुंद नळी असते आणि अमोनियाचे बुडबुडे पाण्याचे घोट वर ढकलत नेतात. पंपाचं काम बुडबुडा करतो.

हे सुचलं कुणाला? स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांना, बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स. साल 1922. त्यांचं काम पुढे इलेक्ट्रोलक्स कंपनीने घेतलं. त्याच दशकात न हलणाऱ्या भागांचा फ्रीज बनवायच्या नादाला आणखी एक गृहस्थ लागले होते. त्यांचं नाव अल्बर्ट आइनस्टाइन! लिओ झिलार्ड या तरुण शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी फ्रीजची पेटंटं घेतली. अमेरिकेतलं 1930 साली मिळालं. पण घराघरांत आणि गाड्यांत पोचला तो त्या दोन विद्यार्थ्यांचा फ्रीज.

आता उताराचं कोडं सुटेल. या यंत्रात सगळं घडतं ते चढण्या-उतरण्याने. द्रव उताराने वाहतात, हलका वायू वर जातो. गाडी तिरकी उभी राहिली तर नळीतला उतारच बिघडतो. द्रव भलत्या वळणावर साचतो, ज्योतीपाशी पोचत नाही आणि खालची ज्योत कोरडी नळी तापवत राहते. नळ्यांना गंज चढू नये म्हणून त्या द्रवात सोडियम क्रोमेट मिसळलेलं असतं. फाजील उष्णतेने त्याचे खडे बनून नळी तुंबते आणि फ्रीज कायमचा गेला. चालत्या गाडीत असं होत नाही, कारण हेलकाव्यांनी द्रव ढवळलेला राहतो. घात होतो तो तासन्‌तास तिरकं उभं राहिल्याने. म्हणजे कार्यशाळेच्या अंगणात! म्हणून जाणता मेकॅनिक फ्रीजमागे पिवळी पूड दिसतेय का ते बघतो. तो फुटलेल्या नळीतून बाहेर आलेल्या क्रोमेटचा पुरावा. थंडावलेला जुना फ्रीज उपसून काढून उलटा ठेवायचा, म्हणजे आतला द्रव परत जागेवर येतो, अशीही एक जुनी युक्ती आहे. कधी कधी ती लागूही पडते. आता बॅटरीवर चालणारे कॉम्प्रेसरचे फ्रीज नव्या गाड्यांत आले आहेत आणि ते सोयीचेही आहेत. तरी माझं मन त्या मुक्या फ्रीजपाशीच रेंगाळतं.

ज्योत आली म्हणजे गॅस आला. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. मोटरहोमच्या टाकीत मात्र जवळजवळ निव्वळ प्रोपेन. का? ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच उडायचं थांबतं. बर्फ पडत असताना ऐन गरजेला टाकीत द्रव भरलेला आणि शेगडी विझलेली! प्रोपेन शून्याखाली 42 अंशांपर्यंत वायू होत राहतं. टाकी भरतात तीही 80 टक्केच, कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. गळती तपासायला मेकॅनिक काय वापरतो? कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाहिलेली पाण्याची यू-नळी, किंवा तिचं आजचं भावंड! शेगडीपर्यंत पोचणाऱ्या गॅसचा दाब फक्त 11 इंच पाणी तोलेल एवढा हवा. आपल्या घरच्या रेग्युलेटरमधून येतो तोही जवळपास एवढाच. टाकी बंद करायची, काही मिनिटं नळीतल्या पाण्याकडे बघत राहायचं. पातळी तसूभर खाली आली तर कुठेतरी गळतंय. गॅसची धोक्याची घंटा बसवतात ती जमिनीलगत, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतं आणि सांडलेल्या तेलासारखं तळाशी पसरतं.

सगळ्यांत जास्त धास्ती मात्र पाण्याची. हे घर रस्त्यावरून धावताना लहानसा भूकंप सोसत असतं. छपराचा एखादा सांधा केसभर उकलतो, पाऊस आत शिरतो, पातळ भिंतीतलं लाकूड आतल्या आत कुजतं. डाग दिसेपर्यंत उशीर झालेला. मग ते छिद्र शोधायचं कसं? ही युक्ती ऐकून मी थक्क झालो. आपला पंक्चरवाला काय करतो? ट्यूबमध्ये हवा भरतो, पाण्यात बुडवतो आणि बुडबुडे बघतो. मोटरहोमचा मेकॅनिक तेच अख्ख्या घराला करतो! छपराच्या झरोक्यात पंखा बसवून आत हलकेच हवा कोंडतो, दारं-खिडक्या बंद करतो आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फवारत जातो. जिथे बुडबुडा फुगतो तिथून पाऊस आत येत होता. चाळीस फुटांचं घर आणि त्याची ट्यूब केलेली!

वीज मंडळाकडे वळू. या गाडीत दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात आणि त्यांचे स्वभाव वेगळे. इंजिन चालू करणारी बॅटरी शंभर मीटर पळणाऱ्यासारखी. काही सेकंद शेकडो अँपिअरची झेप घेते आणि बसते. तिच्यात शिशाच्या पातळ पातळ पट्ट्या पुष्कळ असतात, म्हणजे एका दमात जास्त वीज सुटते. घराची बॅटरी वारकऱ्यासारखी. दिवा, पंखा, पाण्याचा पंप यांना रात्रभर थोडी थोडी वीज पुरवत चालत राहते, म्हणून तिच्या पट्ट्या जाड. एकीला दुसरीचं काम दिलं की ती लवकर संपते. रात्री टीव्ही बघताना घराची बॅटरी उतरली तरी सकाळी इंजिन चालू झालंच पाहिजे, म्हणून दोघींच्या मध्ये एक पहारेकरी उपकरण असतं. गाडी आठवड्यांमागून आठवडे अंगणात पडून राहणार असेल, तर घराच्या बॅटरीचा खटका बंद केला का, हे किल्ली देताना विचारून घ्यायचं. गॅसची घंटा, घड्याळं असे चिल्लर खाणारे मिळून बॅटरी गुपचूप फस्त करतात.

हिवाळ्याआधी या कार्यशाळांत रांग लागते. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, आणि फुगायला जागा नसली की पाइप फोडतं. म्हणून उत्तरेकडच्या राज्यांत थंडीपुरती गाडी ठेवून देताना सगळ्या नळांतून पाणी काढून गुलाबी द्रव भरतात. त्यात असतं प्रोपिलीन ग्लायकॉल. इंजिनाच्या रेडिएटरमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी, आणि त्याचं हे भावंड इतकं निरुपद्रवी की खाद्यपदार्थांतही वापरतात. तुम्ही वसंतात त्याच नळाचं पाणी पिणार आहात ना!

टायरचं तर ऐकाच. नक्षी नव्यासारखी कोरी करकरीत दिसते आणि तरी मेकॅनिक म्हणतो, बदला. तो नक्षी बघतच नाही, बाजूवरचे चार आकडे वाचतो. 2319 असेल तर टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. रबरात मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. टायर फिरताना दबतो-फुगतो, तसतशी ती पृष्ठभागावर येऊन रबराला तडे जाण्यापासून वाचवतात. उभ्या गाडीत ती वर येतच नाहीत. म्हणजे टायर चालण्याने झिजतात आणि न चालण्याने म्हातारे होतात.

इतकं सगळं उलगडायचं, वेगवेगळ्या कंपन्यांचे सुटे भाग मागवायचे, तर वेळ लागणारच. कधी आठवडे जातात. मग कायम याच घरात राहणाऱ्यांनी जायचं कुठे? अलाबामा राज्यात रेड बे नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे टिफिन नावाची कंपनी 1972 पासून मोटरहोम बांधते. तिच्या दुरुस्तीच्या आवारात गाड्या उभ्या करायला जागा, वीज आणि पाण्याची जोडणी आहे. सकाळी घर कार्यशाळेत जातं, मालक दिवसभर बाहेर, संध्याकाळी घर परत आपल्या जागी. स्वयंपाक करायचा, झोपायचं, सकाळी घर पुन्हा कामाला द्यायचं. शेजारपाजार जमतो, एकमेकांच्या गाडीची चौकशी होते. दुरुस्तीला आलेल्या घरांचीच ती एक वस्ती.

अमेरिकेत मुलाकडे, मुलीकडे गेलात आणि यलोस्टोनला जायला मोटरहोम भाड्याने घेतलीत, तर फ्रीज गॅसवर चालणारा आहे का ते विचारा. असेल तर रात्री गाडी सपाट जागी लावा, सगळे झोपले की बाहेर या आणि फ्रीजच्या मागच्या बाजूला जी जाळी असते तिला कान लावा. बारीक ज्योतीची फुरफुर तेवढी ऐकू येईल. आत दूध गार होत असतं, आणि काहीही हलत नसतं.